घाई कुणासाठी?

इंदूरच्या आमच्या वाड्यात १९८९ ते १९९४ या काळात तीन लग्ने झाली. तिन्हींच्या व्हीएचएस कॅसेट काकूंनी लोखंडी कपाटात, पैठणीशेजारी, मलमलीत गुंडाळून ठेवल्या होत्या. २००६ साली काचबिंदूने त्यांची दृष्टी झपाट्याने मावळू लागली. "डोळे आहेत तोवर एकदा ह्यांना चालताना पाहू द्या रे," असे त्या म्हणाल्या आणि आम्ही भावंडे डीव्हीडी करवून घेण्याच्या खटपटीस लागलो.

या कामात एक शिस्त मुळातच आहे. तीन तासांची टेप उतरवून घ्यावयास तीन तासच लागतात. तेथे कुणाची मात्रा चालत नाही. घाई शिरते ती पुढे. साध्या तबकडीत ४.७ गिगाबाइट मावतात. दीड तासाचे चित्रण भरले तर प्रत्येक क्षणाच्या वाट्याला पुरेशी माहिती येते. सहा तासांचे कोंबले तर ती चौथ्या हिश्श्यावर उतरते. शिवाय संगणकाने पहिल्या फेरीत सारे चित्रण नुसते न्याहाळावे, हालचाल कोठे अधिक आहे ते टिपावे आणि दुसऱ्या फेरीत त्या मानाने माहिती वाटावी, ही रीत सरस. मात्र वेळ जवळजवळ दुप्पट. दुकानदाराने हे सारे समजावून सांगितले होते. तिन्ही लग्ने एकाच तबकडीत आणि परवापर्यंत हवीत, हा हट्ट आमचा.

तबकडी लागली. मंगलाष्टके संपली, अक्षता पडल्या आणि पडद्यावर चौकड्याच चौकड्या उमटल्या. शेकडो दाणे, प्रत्येकाची वाट निराळी. असे दृश्य थोडक्या माहितीत बसवणे यंत्राला फार जड जाते. त्या चौकड्यांत काकांचा चेहरा विरघळला. पुढे ते पंगतीतून फिरताना दिसले तेव्हा काकू म्हणाल्या, "चाल तीच." दिवाळीपर्यंत त्यांना दिसेनासे झाले.

तेव्हा घाई केली हे चुकले, असे आम्हांस आजही वाटत नाही. निर्दोष प्रतीची वाट पाहत बसलो असतो, तर जिच्यासाठी ती करायची तिलाच ती दिसली नसती. उत्कृष्टतेचा आग्रह पुष्कळदा ज्याच्यापाशी वेळ आहे त्याचाच असतो. परंतु आमची दुसरी घाई निराळी होती. तबकडी हाती येताच कॅसेट आम्ही भंगारात दिल्या. वाईट प्रत पुन्हा करता आली असती. मूळच गेल्यावर काय करणार? पहिली घाई काकूंसाठी होती, दुसरी केवळ कपाटातल्या एका खणासाठी. मोडी दप्तरे रुमालात बांधून पिढ्यान्‌पिढ्या जपल्याचा अभिमान मिरवणारे आमचे हे घर! चुंबकीय टेपही झिजते, बुरशी धरते, हे खरे. २०१६ साली नवे व्हीसीआर बनणेही थांबले. तरी दहा वर्षे हाताशी होती.

काकूंच्या नातीने आजोबांना पाहिलेले नाही. तिच्या वतीने तेव्हा बोलणारे कुणी नव्हते, आणि काकूंना तर विचारावे असे आमच्या मनातही आले नाही. अलीकडे तिने ती तबकडी संगणकावर उतरवून घेतली आहे. अक्षता पडण्याच्या क्षणभर आधी ती चित्र थांबवते, कारण तेथे आजोबांचा चेहरा अजून थोडा शाबूत आहे.