बघ्याची भूमिका

मला गाडी चालवता येत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे घाट आहेत, वळणं आहेत, भन्नाट धावणाऱ्या मोटारी आहेत, आणि या सगळ्यांशी माझा संबंध फक्त डोळ्यांपुरता आहे. पण निव्वळ बघण्याच्या बाबतीत माझा अनुभव दांडगा आहे. मी पुण्यात जन्मलो, पुण्यात वाढलो आणि पुण्यातल्याच एका बँकेत बावीस वर्षं कारकुनी करतो आहे. लक्ष्मी रोडवर कुणी खड्डा खणायला घेतला की खणणारे दोघं आणि बघणारे वीस, असा हिशेब असतो. त्या विसांत मी कित्येकदा उभा राहिलेलो आहे. खड्ड्यात काय दिसतं असं मला विचारू नका. खड्डाच दिसतो. पण पाय हलत नाही.

माझा मेव्हणा मात्र गाड्यांच्या नादी लागलेला. नाद कसा, तर इतर मुलं रामरक्षा म्हणायची त्या वयात हा शेखर मेहताने आफ्रिकेतली सफारी रॅली कोणकोणत्या साली जिंकली ते म्हणायचा. (१९७३ साली एकदा, आणि मग ७९ ते ८२ लागोपाठ चारदा. इतक्यांदा ऐकलंय की मलाही पाठ झालं आहे.) २०१०च्या दशकात नाशिकला राष्ट्रीय अजिंक्यपदातली ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ व्हायची, तेव्हा एका वर्षी तो म्हणाला, “जिजाजी, चला ना. तुम्हाला काही करायचं नाही. नुसतं बघायचं.”

‘नुसतं बघायचं’ म्हटल्यावर मी सी.एल. टाकली.

तो, मी आणि तेव्हा नऊ वर्षांचे आमचे चिरंजीव असे तिघे मध्यरात्रीच निघालो. सौ.ने डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या दिल्या आणि भावाला बजावलं, “हळू चालव.” पुणे-नाशिक रस्त्यावर भावाने ज्या तऱ्हेने ट्रक मागे टाकले, त्यावरून राजगुरुनगरलाच मला वाटलं की रॅली सुरू झाली.

वाटेत त्याने मला रॅली शिकवली. रॅली म्हणजे शर्यत नव्हे. सगळ्या गाड्या एकदम सुटत नाहीत. ठरावीक अंतराने एकेक सोडतात आणि प्रत्येकीची लढाई घड्याळाशी. रस्त्याचे काही तुकडे वाहतुकीला बंद केलेले असतात, तिथे जीव खाऊन पळायचं. एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाताना मात्र तुमच्याआमच्यासारखं साध्या रस्त्याने, साधे नियम पाळून जायचं. सिग्नल लाल असेल तर थांबायचं. (पुणेकर चालकाला रॅलीतला हाच भाग जड जाईल असं माझं मत आहे.) दुसरी एक जात असते, टी.एस.डी. म्हणून. त्यात सरासरी वेग आधीच ठरवून देतात आणि उशिरा पोचलात तर दंड, लवकर पोचलात तरी दंड. आमच्या बँकेत लवकर पोचल्याबद्दल कुणालाही दंड झालेला नाही. तशी वेळच कुणी आणलेली नाही.

चालकाच्या शेजारी एक जण वही घेऊन बसतो. आदल्या दिवशी रस्ता पाहून त्याने वळणावळणाचं टिपण केलेलं असतं. ते तो वाचत जातो आणि चालक मान न वळवता, उलट न बोलता तसं वागतो. शेजारच्या माणसाचं इतकं निमूट ऐकणारा चालक आमच्या कुटुंबात झालेला नाही. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट, अंगात आगीला दाद न देणारा पोशाख, गाडीच्या आत पोलादी नळ्यांचा पिंजरा. हे सारं ऐकून मी म्हणालो, “ह्या लोकांना जिवाची काही पर्वा आहे की नाही?” हेल्मेटसक्तीच्या विरोधात मोर्चा निघतो त्या गावचा माणूस मी, स्कूटरवर आजन्म बोडक्याने हिंडलेला.

जागेवर पोचलो तेव्हा नुकतं फटफटलं होतं. डोंगराच्या कुशीतला मुरमाचा रस्ता, वर सुटी खडी, आणि एक असं वळण की बैलगाडीनेही दोनदा विचार करावा. मेव्हणा म्हणाला, “सरळ रस्त्यावर वेग दिसतो, वळणावर कसब दिसतं.” मी वळण निवडलं. बाहेरच्या अंगाला एक सपाट मोठा दगड होता, त्यावर सतरंजी टाकली, डबा ठेवला, चिरंजीवांना बसवलं. समोरून गाडी येताना अगदी अंगावर येते आहे असं दिसावं, अशी ती जागा होती.

तेवढ्यात शिट्टी गळ्यात अडकवलेला एक कॉलेजातला पोरगा आला. “काका, इथे नाही थांबायचं. वरती बांधावर जा.”

मी पुण्याचा. “तसा बोर्ड कुठे आहे?”

“बोर्ड नाही काका. गाडी इथे येते.”

“गाडी रस्त्याने जाईल ना?”

“रस्त्याने जायचंच ठरलेलं असतं,” पोरगा म्हणाला. आमच्या मॅनेजरला उभ्या जन्मात साधली नाही ती शांतता त्या पोराच्या आवाजात होती. आम्ही पुटपुटत सतरंजी उचलली आणि बांधावर चढलो. नियमावर बोट ठेवून भांडायला मिळालं नाही, याची हळहळ मला बराच वेळ होती.

रॅली बघणं म्हणजे मुख्यतः वाट बघणं. आधी पलीकडच्या डोंगरातून कुणीतरी कापड फाडावं तसा आवाज येतो. मग शिट्ट्या. मग झाडांच्या वर धुरळा उठतो, आणि मग एकदम गाडी. ती वळणात शिरण्याआधीच आडवी झालेली असते, तोंड डोंगराकडे आणि जायचं असतं भलतीकडेच. चाकांखालून खडी उडते, दोन सेकंद, संपलं. उरतो फुफाटा. तो सावकाश खाली बसतो आणि पुऱ्यांवर बसतो. पहिल्या गाडीला म्हणे जास्त त्रास, कारण सुटी खडी झाडत जायचं काम तिच्याकडे. मागच्यांना झाडलेला रस्ता मिळतो. नव्या शाखेत पहिल्यांदा बदलीवर जाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

शेजारी एक आजोबा शेळ्या घेऊन बसले होते. त्यांनी विचारलं, “एवढ्या घाईनं कुठं चाललीत ही मान्सं?”

“कुठं नाही. फिरून परत इथंच येणार.”

“मंग घाई काहून?”

मला उत्तर सुचलं नाही. मेव्हण्याला सुचलं, पण ते वीस मिनिटांचं होतं.

दहा गाड्या गेल्या. बारा गेल्या. सगळ्या कशा सफाईने, लोण्यातून सुरी फिरावी तशा. चिरंजीव कंटाळले आणि म्हणाले, “बाबा, एकसुद्धा पडत नाहीये.”

त्या क्षणी बापाने मुलाला काय म्हणायला हवं होतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. मी म्हणालो, “थांब. अजून बऱ्याच यायच्यात.”

आणि ती आली. आवाजावरूनच मेव्हणा म्हणाला, “फार आत घुसला.” गाडी आडवी झाली ती सावरलीच नाही, घसरत बाहेर गेली, मघाच्या आमच्या सपाट दगडावर धाडकन आपटली आणि एका अंगावर कलून बांधाला टेकली. सगळं मिळून तीन सेकंद. त्या तीन सेकंदांत माझ्या तोंडून एक शब्द निघाला. ‘अरे रे’ नव्हे, ‘बापरे’ नव्हे. मी ओरडलो, “आली!”

पाहुणे स्टेशनवर दिसावेत तसा ओरडलो. हात वर करून.

दुसऱ्याच क्षणाला पोटात गोळा आला. तो दगड दिसला, सतरंजी आठवली. शिट्ट्या वाजू लागल्या. दारं उघडून दोघे जण बाहेर पडले, धडधाकट. वहीवाला मागच्या वळणाकडे धावला, येणाऱ्या गाड्यांना आपण ठीक असल्याची पाटी दाखवायला. शिट्टीवाल्या पोराने इशारा केल्यावर आम्ही दहाबारा जण खाली उतरलो. आजोबांनी शेळ्या झाडाला बांधल्या आणि तेही आले. खांदे लावले, ‘हैशा’ केलं, गाडी चार चाकांवर आली. एक चाक तिरकं झालं होतं, तरी ती निघाली. निघताना चालकाने काच खाली करून बरोब्बर माझ्याकडेच पाहिलं. पंचविशीतला मुलगा, चेहरा धुळीने पांढरा झालेला. “थँक यू हां, काका,” म्हणाला आणि गेला.

वाचकहो, माझ्या आयुष्यात पुष्कळांनी माझे आभार मानलेले नाहीत. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण त्या मुलाने मानले त्याचं वाटलं. तो पडावा म्हणून सकाळपासून टपून बसलेल्या माणसाला तो काका म्हणून गेला.

तुम्ही म्हणाल, टपून कशाला, तुम्ही तर धावून गेलात. गेलो, खरं आहे. गाडी ढकलताना माझा खांदा सोलवटला, तेही खोटं नाही. पण ‘आली!’ आधी म्हटलं. बँकेत एकदा संध्याकाळी एका सहकाऱ्याची कॅश पाच हजारांनी कमी आली होती. आम्ही सगळे त्याच्याभोवती जमलो. मदतीलाच जमलो. बंडलं मोजली, व्हाउचरं तपासली, त्याला चहा पाजला. नऊ वाजता चूक सापडली, एका स्लिपवरचा आकडा चुकीचा वाचला गेला होता. सगळ्यांनी हुश्श केलं. आणि त्या हुश्शच्या तळाशी, नखाएवढी का होईना, ‘एवढंच?’ अशी एक निराशा होती. तेव्हा ती मी कुणालाच दाखवली नाही. बाकीच्यांनीही दाखवली नाही, म्हणून त्यांच्याकडे नव्हतीच असं मी गेली कित्येक वर्षं समजत होतो.

उपनिषदात एका झाडावर दोन पक्षी बसलेले आहेत. एक फळ खातो, दुसरा काही न खाता नुसता बघतो. हे आमच्या सोसायटीतल्या गीतामंडळात ऐकलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. म्हटलं, चला, आपली जातकुळी थेट तिथपर्यंत पोचते. पण त्या वळणावरून परतताना ध्यानात आलं, की तो दुसरा पक्षी खाणाऱ्याचा तोल नीट दिसेल अशी फांदी शोधून बसलेला नाही. त्याने डबाही आणलेला नाही.

येताना संगमनेरला चहाला थांबलो तेव्हा मी हे मेव्हण्याला बोलून दाखवलं. तो एरवी गाड्यांबद्दल बोलू लागला की थांबत नाही, पण या वेळी हळू आवाजात त्याने पोर्तुगालची हकिगत सांगितली. मार्च १९८६. सिंत्राच्या डोंगरातल्या रस्त्यावर लोक अक्षरशः रस्त्यातच उभे असायचे. गाडी अंगावर आली की दोन्हीकडे फाकायचे, आणि जाताजाता तिला हात लावून बघणं हा पराक्रम समजला जायचा. योआकिम सांतोस नावाच्या चालकाची फोर्ड त्या गर्दीत घुसली. तीन बघे गेले, तीसच्यावर जखमी झाले. मोठ्या कंपन्यांच्या चालकांनी पुढे गाडी चालवायचं नाकारलं. मे महिन्यात कोर्सिकाच्या रॅलीत हेन्री तोइवोनेन आणि त्याचा वहीवाला सेर्जिओ क्रेस्तो गाडीसकट कडा उतरून जळून गेले, आणि ‘ग्रुप बी’ नावाच्या त्या अफाट ताकदीच्या गाड्या वर्षअखेरीला जागतिक अजिंक्यपदातून बंदच झाल्या.

“गाड्या बंद केल्या,” मी म्हणालो.

“हो. आणि बघ्यांना दोरीच्या मागे नेलं.”

“दोरीच्या मागे नेलं म्हणजे मुक्कामच हलवला. खातं तेच.”

“जिजाजी, पण पडायची भीतीच नसेल तर मी रॅली बघायला जाणार नाही, हेही खरंय,” मेव्हणा म्हणाला. “त्याने गाडी सावरावी म्हणूनच जातो मी. पण सावरावी म्हणजे आधी ती जायला हवी ना?”

मी त्याच्याकडे बघत राहिलो. बी.कॉम.ला असं काही विचारत नाहीत. चहाचे पैसे त्याने दिले, ते मी देऊ दिले.

रात्री घरी पोचलो. मेव्हणा खालूनच परत गेला. सौ.ने दार उघडण्याआधीच चिरंजीव सुरू झाले होते: गाडी कशी आली, दगडावर कशी आपटली, बाबांनी कशी ढकलली, चालक बाबांना काय म्हणाला. ‘आली!’ त्याने वगळलं. ऐकलं नसेल, किंवा नवव्या वर्षीच त्याला काही कळू लागलं असेल. तो दगड मात्र त्याने वगळला नाही. सौ.ने माझ्याकडे एकदा पाहिलं, काही बोलली नाही. पुऱ्यांचा डबा उघडून वाळू सिंकमध्ये झटकली आणि मग विचारलं, “बरं, जिंकलं कोण?”

चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिलं. मी चिरंजीवांकडे पाहिलं.