सर्वांत कच्च्या मुलाकडे बघा

टेनिसचा प्रशिक्षक निवडायचा असेल, तर त्याच्या बॅचमधल्या सर्वांत कच्च्या मुलाकडे अर्धा तास बघत बसावं. मला सांगायचं आहे ते एवढंच. गोष्ट सोपी आहे. पण मोठ्या शहरात मुलाचा हात धरून कोर्ट शोधत हिंडणाऱ्या आईबापांना ती सहसा सुचत नाही, कारण शहर त्यांची नजर नेमकी दुसरीकडे वळवत असतं.

चेन्नईतलं तिरुवल्लिकेणी घ्या. पार्थसारथीचं देऊळ, बिग स्ट्रीटची गर्दी, एकट्यादुकट्या नोकरदारांना खोल्या देणारी जुनी ‘मॅन्शन्स’, आणि चालत जाण्याच्या अंतरावर चेपॉकचं क्रिकेट मैदान. ऊन कललं की इथल्या गल्ल्यांमध्ये टेनिसचा चेंडू उडायला लागतो, पण तो बॅटवरून. म्हणजे टेनिसचा चेंडू घरोघर, टेनिस मात्र कुठेच नाही. याचं कारण जागा. कोर्ट 23.77 मीटर लांब आणि दुहेरीसाठी 10.97 मीटर रुंद असतं. मागे आणि बाजूंना पळायला मोकळी जागा धरली, तर साधारण 36 बाय 18 मीटरचा तुकडा लागतो. तिरुवल्लिकेणीत तेवढ्यात कितीतरी बिऱ्हाडं राहतात.

त्यामुळे पुण्याहून किंवा नागपूरहून बदलीवर इथे आलेल्या एखाद्या मराठी घराला कोर्ट शोधायला वस्तीबाहेरच जावं लागतं. चेपॉकला मद्रास क्रिकेट क्लबची कोर्टं आहेत, पण तो सभासदांचा क्लब. पश्चिमेला नुंगंबाक्कमचं स्टेडियम आहे, 1995 साली उभं राहिलेलं. 1997 ते 2017 या काळात चेन्नई ओपन तिथेच खेळली गेली. 2018 साली ती स्पर्धा पुण्याला, बालेवाडीत आली. याखेरीज शाळा-कॉलेजांची मैदानं, मोठ्या सोसायट्यांची कोर्टं आणि खासगी अकादम्या. प्रत्येक ठिकाणी कुणी ना कुणी शिकवतच असतं. मग निवड कशावरून करायची?

शहराचं उत्तर तयार असतं: नावावरून. फलकावर राज्य पातळीवर खेळलेल्या मुलांचे फोटो असतात, करंडक असतात, एखाद्या मोठ्या खेळाडूबरोबर सरांनी काढलेला फोटो असतो. मराठी वाचकाला हे दृश्य नवं नाही. लातूर पॅटर्नच्या दिवसांपासून आपण क्लासच्या फलकांवर गुणवंतांचे चेहरे बघत आलो आहोत. त्या फलकावर नव्वद टक्केवाले दिसतात. पंचावन्न टक्क्यांवर आलेल्या मुलाचं क्लासने साठ केलं की पन्नास, हे तिथे कधीच दिसत नाही. आणि आपलं मूल क्लासला जातं, तेव्हा बहुधा त्या पंचावन्नवाल्याच्या शेजारी बसतं.

टेनिसमध्ये हा घोळ आणखी वाढतो, कारण चांगला खेळाडू आणि चांगला प्रशिक्षक एकमेकांना शोधतच असतात. लिअँडर पेस 1980च्या दशकाच्या मध्यात मद्रासच्या ब्रिटानिया-अमृतराज टेनिस योजनेत दाखल झाला आणि 1990 साली ज्युनिअर विम्बल्डन जिंकला. योजनेचं मोल मोठंच होतं. पण ती निवडक मुलांसाठी होती, आणि तिथे येणारा पोरगा सोबत काय घेऊन आला होता तेही मोजायला हवं. वडील वेस पेस 1972च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये हॉकीचं कांस्यपदक मिळवणाऱ्या संघात होते, आई जेनिफर बास्केटबॉलची आंतरराष्ट्रीय खेळाडू. मग विजेतेपदातलं घराचं किती, मुलाचं किती आणि शिकवणाऱ्याचं किती, याची वाटणी कोण करणार? विजेत्याकडे बघून प्रशिक्षक मोजता येत नाही, तो असा.

कच्च्या मुलाच्या बाबतीत ही वाटणी पुष्कळ सोपी होते. त्याच्याजवळ जन्मजात देणगी नाही, घरी टेनिसची परंपरा नाही, रविवारी काकांबरोबर क्लबात खेळण्याची सोय नाही. त्याच्या हातून या महिन्यात चेंडू जाळीपलीकडे पडायला लागला असेल, तर ते कोर्टावरच घडलेलं आहे. त्यात शिकवण्याचा वाटा उघडा दिसतो.

म्हणून एखाद्या सकाळी बाकावर बसावं आणि बघावं. बॅच आठ-दहा मुलांची असते. सर जाळीपाशी चेंडूंची बास्केट घेऊन उभे राहतात आणि एकेक चेंडू टाकत जातात; याला फीडिंग म्हणतात. मुलं रांगेत. प्रत्येकाने दोन-तीन चेंडू मारायचे आणि रांगेच्या शेवटी जायचं. यात हुशार मुलाचं फारसं बिघडत नाही. रांगेत उभा असतानाही तो मनात स्ट्रोक मारत असतो. कच्च्या मुलाचे दोन चेंडू जाळीत जातात, तिसरा कुंपणाबाहेर, की तो परत रांगेत. तासाभरात त्याने खेळलं किती आणि उभा राहिला किती, ते मनातल्या मनात मोजा. त्या मोजणीत प्रशिक्षकाचं अर्धं प्रगतिपुस्तक असतं.

उरलेलं अर्धं, चेंडू जाळीत गेल्यावर काय होतं त्यात. काही सर ओरडतात, “बॉल बघ, बॉल बघ!” पोरगा बॉलच बघत असतो. अडचण पायांची असते: चेंडू अंगावर आला आणि तो मागे सरकलाच नाही. हे ज्याला दिसतं तो शिकवणारा. तो बास्केट खाली ठेवतो, दोन पावलं पुढे येतो, हातानेच चेंडू टाकतो, अंतर कमी करतो आणि एकच गोष्ट सांगतो. पाच गोष्टी त्यालाही दिसलेल्या असतात. चार तो उद्यासाठी ठेवतो. चांगल्या खेळाडूला पाचही एकदम सांगितल्या तरी त्यातून तो आपल्या कामाची उचलतो. नवखा मात्र पाच ऐकून जागीच खिळतो.

मूल मराठी असेल आणि तमिळ अजून कानावरून जात असेल, तर ही परीक्षा आणखी कडक होते. सरांचं बोलणं कळत नाही म्हणून ते मूल आपोआपच बॅचमधलं कच्चं ठरतं. अशा वेळी जो शब्दांचा हट्ट सोडून मुलाच्या मागे उभा राहतो आणि त्याचं मनगट धरून रॅकेट योग्य उंचीवरून फिरवून दाखवतो, त्याने शिकवण्याचा धंदा ओळखलेला आहे.

चेंडूकडेही बघावं. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने लहान मुलांसाठी संथ चेंडू ठरवून दिले आहेत: लाल रंगाचा चेंडू नेहमीच्या पिवळ्या चेंडूपेक्षा सुमारे 75 टक्के संथ, नारिंगी 50 टक्के, हिरवा 25 टक्के. 2012 पासून दहा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धांत पिवळा चेंडू वापरायला नियमानेच मनाई आहे. कारण सरळ आहे. पिवळा चेंडू टप्पा पडल्यावर सात वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून जातो. मग ते मूल खांद्यावरून काहीतरी वेडंवाकडं मारायला शिकतं आणि तेच हाताला बसतं. उंच, दणकट मूल पिवळ्या चेंडूवरही निभावून नेतं. लाल चेंडूची गरज आहे ती कच्च्याला. म्हणून बास्केटमध्ये लाल-नारिंगी चेंडू दिसले, छोटी जाळी मांडलेली दिसली, तर समजावं की इथे कुणीतरी शेवटच्या मुलाचाही विचार केला आहे.

आता कुणी म्हणेल, प्रमाणपत्रांचं काय? ती बघावीतच. अखिल भारतीय टेनिस संघटनेचे आणि आंतरराष्ट्रीय महासंघाचे प्रशिक्षकांसाठी पायऱ्यापायऱ्यांचे अभ्यासक्रम आहेत. ते केलेल्या माणसाला निदान मुलाचा खांदा कधी दुखावतो, सर्व्हिस कोणत्या टप्प्याने शिकवायची, हे माहीत असतं. दुसरीकडे आपल्या जिमखान्यांत आणि क्लबांत ‘मार्कर’ नावाची जुनी जमात आहे. लहानपणी बॉल बॉय म्हणून कोर्टावर आलेली, सभासदांबरोबर खेळून खेळून तयार झालेली ही माणसं. त्यांच्याकडे कागद असेलच असं नाही, पण समोरच्याला खेळता येईल असा चेंडू अचूक देण्याची कला अंगात मुरलेली असते. हीच कला कच्च्या मुलाला सर्वांत जास्त हवी असते. कागद आणि हात, दोन्हींची खरी पारख शेवटी त्या एका मुलापाशीच होते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. “आमच्या मुलीला नुसता व्यायाम नकोय, तिला पुढे जायचंय. कच्च्यांना सांभाळणारे सर तिच्या काय कामाचे?” याचं उत्तर मद्रासच्याच टेनिसमध्ये आहे. विजय अमृतराज लहानपणी सतत आजारी असायचा, इस्पितळाच्या वाऱ्या व्हायच्या, आणि तब्येत सुधारावी म्हणून त्याला टेनिसला घातलं गेलं. आई मॅगी अमृतराज यांनी चिकाटी सोडली नाही. त्या काळात कुणी फक्त विजेते हेरायला आलं असतं, तर त्याची नजर या पोरावरून पुढे गेली असती. 1973 साली तो विम्बल्डन आणि अमेरिकन ओपन, दोन्हींच्या उपांत्यपूर्व फेरीत खेळत होता.

शिवाय कच्चेपणा हा काही एखाद्या मुलाच्या कपाळावरचा शिक्का नसतो. तो फिरत असतो. बॅचमध्ये पहिली असणारी मुलगी एका वर्षात चार बोटं उंच होते आणि तिची सर्व्हिस बिघडते. टायफॉइडमधून उठलेला मुलगा महिनाभर सगळ्यांच्या मागे राहतो. वरच्या गटात गेलेलं मूल त्या दिवसापासून त्या गटातलं सर्वांत कच्चं असतं. टेनिसमध्ये पुढे जाणं म्हणजे पुन्हा पुन्हा शेवटच्या जागी उभं राहणं. तेव्हा शेवटच्या मुलाला शिकवू न शकणारा प्रशिक्षक पुढे जाणाऱ्या मुलीलाही फार लांब नेऊ शकत नाही. तिची ती पाळी आली की त्याचं लक्ष दुसरीकडे गेलेलं असतं.

याच्याही पुढे एक पायरी आहे. बॅचमध्ये एक मूल कच्चं असतं, तशी प्रत्येक खेळाडूच्या खेळात एक बाजू कच्ची असते. कृष्णन घराणं त्याचं उदाहरण आहे. टी. के. रामनाथन यांनी आपल्या मुलाला शिकवलं. तो मुलगा, रामनाथन कृष्णन, 1954 साली ज्युनिअर विम्बल्डन जिंकला आणि 1960 व 1961 साली विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोचला. बरोबर पंचवीस वर्षांनी, 1979 साली, त्यांचा मुलगा रमेश ज्युनिअर विम्बल्डन जिंकला. दोघांच्याही खेळात ताकदीपेक्षा नजाकत जास्त. रमेशची सर्व्हिस शेवटपर्यंत त्याची दुबळी बाजू मानली गेली. तरी 1989च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्याने तेव्हाच्या पहिल्या क्रमांकाच्या मॅट्स विलँडरला हरवलं. उणी बाजू आहे हे मान्य करून तिच्याभोवती खेळ उभा करता येतो, तो असा. ज्या प्रशिक्षकाला कमकुवत मुलाबद्दल तिटकारा असतो, त्याला कमकुवत स्ट्रोकबद्दलही तिटकाराच असतो. मग तो एक तर त्या स्ट्रोकवरून मुलाला छळतो, नाही तर तो दिसतच नसल्यासारखं करतो.

आणि कधीकधी कच्चेपणा खेळाडूत नसतोच, खेळाच्या निवडीत असतो. सांगलीचे नंदू नाटेकर आधी टेनिस खेळायचे. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला राष्ट्रीय ज्युनिअर स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ते याच रामनाथन कृष्णनकडून हरले आणि बॅडमिंटनकडे वळले. 1956 साली क्वालालंपूरला त्यांनी आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. तसं मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. 1961 साली अर्जुन पुरस्कार सुरू झाले, तेव्हा टेनिसचा कृष्णन यांना मिळाला आणि बॅडमिंटनचा नाटेकरांना. त्या अंतिम सामन्याचा निकाल तेवढाच धरून बसणाऱ्याला नाटेकर हरलेले दिसले असते. मागे पडलेल्या मुलाकडे नीट बघणारा माणूस एखाद्या दिवशी पालकांना हेही सांगू शकतो की, याचे पाय आणि मनगट फार चांगले आहेत, याला दुसऱ्या खेळात घालून बघा. फीवर पाणी सोडून असं सांगणारा प्रशिक्षक भेटला, तर त्याचा शब्द मोलाचा मानावा.

बाकीच्या गोष्टी व्यवहाराच्या आहेत, आणि त्याही याच सुताने जातात. कोर्ट शक्यतो जवळचं घ्यावं. चेन्नईत सकाळी सहाची बॅच म्हणजे पाचला उठणं, आणि लांबच्या नामांकित अकादमीत जाणारं मूल थकलं की आधी दांड्या पडतात त्या कच्च्याच्या. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मान्सूनचा पाऊस असतो; बुडलेले तास भरून देतात का, ते विचारावं. मे महिन्यात, ‘अग्नि नक्षत्रम्’ म्हणतात त्या कडक उन्हाच्या दिवसांत, धापा टाकणाऱ्या मुलाला सावलीत बसवून पाणी देतात, की ‘नाटकं करतो’ म्हणून आणखी दोन फेऱ्या मारायला लावतात, ते बघावं. पालकांना बाकावर बसू देतात का, हे पहिल्याच दिवशी कळायला हवं. जिथे बसू देत नाहीत तिथून, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत, परत फिरावं. आणि शिकत असलेल्यांच्या पालकांशी बोलून झालं की सोडून गेलेल्या एखाद्या मुलाच्या घरीही विचारावं: का सोडलं?

एवढं करूनही निवड चुकू शकते. पण चुकली तर ती लवकर लक्षात येईल, कारण काय बघायचं ते आपल्याला ठाऊक असेल. तीन महिन्यांनी पुन्हा त्याच बाकावर बसावं आणि पहिल्या दिवशी सर्वांत मागे असलेलं मूल शोधावं. ते अजून येत असेल, रांगेत कमी आणि खेळात जास्त दिसत असेल, चार चेंडूंची रॅली करून सरांकडे बघत असेल, तर फी भरून टाकावी. ते यायचंच बंद झालं असेल, तर फलकावर कितीही करंडक असोत, आपणही दुसरं कोर्ट बघायला लागावं.