प्रमाणपत्र आणि प्रामाणिकपणा

बाजारात मासळी घ्यायला गेलेले गिऱ्हाईक आधी कल्ला उघडून पाहते. कल्ला लाल, डोळा स्वच्छ आणि बोटाने दाबलेले मांस पुन्हा वर आले, की मासळी ताजी आहे हे सांगायला तिसऱ्या माणसाची गरज उरत नाही. उत्तनपासून अर्नाळ्यापर्यंतच्या आपल्या किनाऱ्यावर हा व्यवहार पिढ्यान्पिढ्या असाच चालत आला आहे. विकणारी कोळीण ओळखीची असते, तिच्या घरची होडी ओळखीची असते. आज फसवले तर उद्या हेच गिऱ्हाईक आपल्या टोपलीपुढून मान वळवून निघून जाईल, हे तिला पक्के ठाऊक असते. या व्यवहारात कोणी प्रमाणपत्र मागत नाही, कारण प्रमाण समोरच असते.

परंतु हीच कोळंबी जेव्हा कारखान्यात जाते, तिथे तिचे डोके काढले जाते, ती सोलली जाते, आतला काळा दोरा काढून ती धुतली, निवडली आणि गोठवली जाते, आणि उणे १८ अंशांच्या थंडीत जहाजाने परदेशी पोहोचते, तेव्हा तिथल्या गिऱ्हाइकाने काय उघडून पाहावे? कल्ला राहिलेला नाही, डोळा राहिलेला नाही, विकणाराही परका. २०२३-२४ या एका वर्षात आपल्या देशाने १७ लाख टनांहून अधिक समुद्री उत्पादने निर्यात केली. त्यांचे मूल्य ६० हजार कोटी रुपयांहून अधिक होते आणि त्यातील निम्म्याहून जास्त वाटा एकट्या गोठवलेल्या कोळंबीचा होता. एवढा मोठा व्यवहार आज अशा दोन माणसांमध्ये होतो, ज्यांची आयुष्यात कधी गाठ पडणार नाही. ज्याचे तोंडही आपण पाहणार नाही, त्याच्याशी प्रामाणिक राहायचे म्हणजे नेमके काय करायचे, हा येथे खरा नैतिक प्रश्न आहे. प्रमाणपत्र हे त्या प्रश्नाला आजच्या जगाने दिलेले उत्तर आहे. ते उत्तर पुरेसे आहे का, याचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे.

आधी या उत्तराला त्याचे श्रेय दिले पाहिजे. १९६० च्या दशकात अमेरिकेत अंतराळवीरांसाठी अन्न तयार करताना एक अडचण उभी राहिली. तयार झालेले अन्न तपासून ते सर्वस्वी निर्धोक असल्याची खात्री देता येईना. खात्री हवी, तर प्रत्येक घास तपासावा लागेल. आणि तपासलेला घास खाण्यासाठी उरत नाही. म्हणून तयार मालाऐवजी तो तयार होण्याच्या वाटेवर लक्ष ठेवण्याची पद्धत निघाली. धोका कुठे शिरू शकतो ते आधी शोधावे, त्या जागी पहारा ठेवावा आणि प्रत्येक वेळी नोंद करावी. ‘हॅसप’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत अमेरिकेने डिसेंबर १९९५ मध्ये मासळी उद्योगासाठी सक्तीची केली आणि दोन वर्षांनी तिची अंमलबजावणी सुरू झाली. त्याच सुमारास, १९९७ साली, युरोपीय संघाने अस्वच्छतेच्या कारणावरून भारतीय मासळीची आयात काही काळ रोखून धरली. तो फटका कठोर होता. पण त्यानंतर आपल्या कारखान्यांत फरशा, नळ, हातमोजे, डोक्यावरच्या टोप्या, दारातले पाय धुण्याचे हौद आणि तासातासाला तापमान लिहिण्याच्या वह्या आल्या. बाहेरच्या धाकाने आलेली शिस्त कमअस्सल समजण्याचे कारण नाही. शाळेची घंटाही बाहेरूनच वाजते.

पुढे अपेक्षा वाढल्या. मासळी स्वच्छ आहे एवढे ठरून भागेना; ती न्याय्य मार्गाने आली आहे का, हेही विचारले जाऊ लागले. १९९७ साली स्थापन झालेल्या आणि आज ग्लोबल सीफूड अलायन्स या नावाने काम करणाऱ्या संस्थेच्या मानकांत प्रक्रिया कारखान्यासाठी अन्नाच्या सुरक्षिततेबरोबर कामगारांचे हक्क, पर्यावरण आणि मालाचा माग काढता येणे या अटीही असतात. पाकिटावरचा एक तारा म्हणजे फक्त कारखाना प्रमाणित; संवर्धनाचे तलाव, बीजकेंद्र आणि खाद्याचा कारखाना हेही प्रमाणित झाले, की चार तारे. म्हणजे ‘जबाबदार’ हा शब्द, जो आपण माणसाबद्दल वापरतो, तो आता कारखान्याला लावला जाऊ लागला आणि त्याची तपासणी होऊ लागली. आमच्या शंकेचा उगम येथे आहे.

‘प्रमाणपत्र’ आणि ‘प्रामाणिक’ हे दोन्ही शब्द ‘प्रमाण’ या एकाच शब्दातून आले आहेत. आपल्या न्यायशास्त्राने ज्ञानाची चार प्रमाणे सांगितली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. कोळणीच्या टोपलीपुढचे गिऱ्हाईक प्रत्यक्ष प्रमाणावर चालते. परदेशातल्या गिऱ्हाइकाजवळ फक्त शब्दप्रमाण असते, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरचा विश्वास. परंतु शास्त्रकारांनी येथे एक अट घातली आहे. शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा. आणि आप्त म्हणजे ज्याला गोष्ट स्वतः ठाऊक आहे आणि जशी ठाऊक आहे तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, असा माणूस. ठाऊक असणे आणि तसेच सांगावेसे वाटणे, या दोन्ही अटी प्रमाणपत्राला लावून पाहिल्या पाहिजेत.

तपासनीस कारखान्यात दोन-तीन दिवस असतो. तो येण्याची तारीख पुष्कळदा आधी कळलेली असते. त्याची फी बहुधा ज्याची तपासणी होणार तोच भरतो. तपासनीस अप्रामाणिक असतात, असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. पण विद्यार्थ्यानेच परीक्षक निवडावा आणि त्याला मानधनही द्यावे, ही व्यवस्था सज्जन परीक्षकालाही अवघडून टाकणारी आहे. अशा व्यवस्थेची सर्वांत दुःखद साक्ष मासळीच्या धंद्यातली नाही, कापडाच्या धंद्यातली आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये कराचीतील कपड्यांच्या एका कारखान्याला कामगारांच्या सुरक्षिततेबद्दलचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. ११ सप्टेंबर २०१२ रोजी तिथे आग लागली आणि अडीचशेहून अधिक माणसे मेली. आग कोणी लावली, याचा निवाडा पुढे न्यायालयात झाला. परंतु बाहेर पडण्याची दारे बंद होती आणि खिडक्यांना गज होते, हे तर आगीच्या आधीचेच सत्य होते. कागद मात्र भिंतीवर शाबूत होता.

मग प्रमाणपत्र नेमके कशाला पकडू शकते आणि काय त्याच्या हातून निसटते? २००३ साली युरोपीय संघाने क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाच्या तपासणीसाठी असे ठरवले, की एका किलोत त्याचा ०.३ मायक्रोग्रॅम एवढा अंश असला तरी तो प्रयोगशाळेला सापडला पाहिजे. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग! माणसाच्या बुद्धीने एवढे सूक्ष्म डोळे तयार केले. पण त्याच कारखान्यात सोलण्याच्या टेबलाशी उभ्या असलेल्या बाईला काल किती तास थांबवून घेतले, किलोमागे ठरलेल्या मजुरीतून मुकादमाने किती कापले, बर्फाने आणि कोळंबीच्या पाण्याने बोटे सोलवटली असताना तिला रजा मिळाली की नाही, हे कोणते यंत्र सांगणार? ते तिनेच सांगितले पाहिजे.

आणि येथेच सगळा फरक पडतो. तापमापकाला खरे बोलण्यासाठी धैर्य लागत नाही. बाईला लागते. तापमापकाला उद्या कामावर यायचे नसते, त्याला मुकादमाकडून उचल घेतलेली नसते, त्याची धाकटी बहीण त्याच टेबलाशी कामाला नसते. परमुलखातून आलेली, कारखान्याच्याच खोलीत राहणारी, तपासनिसाची भाषा न समजणारी मुलगी ‘सर्व ठीक आहे’ असे म्हणते, तेव्हा नोंदवहीत ते उत्तर म्हणून लिहिले जाते. वस्तुतः ते उत्तर नसते, भीती असते.

डिसेंबर २०१५ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने थायलंडमधील समुत साखोन येथील कोळंबी सोलण्याच्या शेडमधला प्रकार उघड केला. म्यानमारमधून आलेली माणसे, मुलेसुद्धा, तिथे कोंडून ठेवली जात होती आणि त्यांनी सोललेला माल मोठमोठ्या निर्यातदारांमार्फत अमेरिकेतील दुकानांत जात होता. त्या वर्षभराच्या शोधकार्यामुळे मच्छीमार नौकांवरील आणि शेडमधील मिळून दोन हजारांहून अधिक माणसे मुक्त झाली. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की सोलण्याचे काम बाहेर दिलेले होते. मोठ्या कारखान्याच्या फरशा स्वच्छ राहिल्या, कारण अन्याय शेजारच्या गल्लीत नेऊन ठेवला होता. जबाबदारी टाळण्याचा माणसाचा सर्वांत जुना मार्ग हाच आहे : वाईट काम आपण करीत नाही, दुसऱ्याकडून करवून घेतो आणि त्याचे नाव विचारीत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग प्रमाणपत्र हे ढोंगच ठरले. आमचे मत तसे नाही. लग्नाच्या वेळी वधूवर नोंदवहीत सही करतात. ती सही खोटी नसते आणि निरुपयोगीही नसते. परंतु सही झाली म्हणजे संसार सिद्ध झाला, असे कोणी शहाणा माणूस समजत नाही. तेथून वचन सुरू होते. कारखान्याचे प्रमाणपत्रही असेच वचन आहे. ते मागच्या पुण्याईचे बक्षीस म्हणून दिवाणखान्यात टांगले, की खोटे होऊ लागते. रोज सकाळी पाळी सुरू होताना पाळायची बोली म्हणून धरले, तर खरे होते.

कारखानदाराचीही एक बाजू आहे आणि ती ऐकलीच पाहिजे. तपासणीची फी तो भरतो, सांडपाण्याचे यंत्र तो बसवतो, तारे पाकिटावर लागतात. परंतु खरेदीदार पुढच्या हंगामात भाव वाढवून देईलच, असे नाही. वर अटी वाढवायच्या आणि खाली भाव दाबायचा, म्हणजे अन्यायाला मागच्या दाराने बोलावणेच आहे. जो खातो तोही या साखळीतली एक कडी आहे. सोललेली कोळंबी स्वस्त मिळाली म्हणून आनंदित होणाऱ्या आपल्यासारख्या घरांनीही, तिच्या सोलणावळीचे पैसे कोणाच्या खिशातून गेले, हे एकदा स्वतःला विचारायला हवे. हे विचारण्यासाठी परदेशी जावे लागत नाही. ससून डॉकवर पहाटेपासून वाकून कोळंबी सोलणाऱ्या बाया मुंबईतच आहेत.

करण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते अवघडही नाही. तपासणी न सांगता व्हावी. कामगाराशी बोलणे मुकादमापासून दूर, कारखान्याच्या आवाराबाहेर आणि त्याच्याच भाषेत व्हावे. तक्रारपेटीची किल्ली ज्याच्याविरुद्ध तक्रार असू शकते त्याच्याकडे नसावी. बाहेर दिलेले काम आतलेच समजून मोजले जावे. यांपैकी एकाही गोष्टीला प्रयोगशाळा लागत नाही. लागते ती एवढीच तयारी, की उत्तर आपल्याला न आवडणारे आले तरी ऐकून घेऊ आणि ते देणाऱ्याला उद्या कामावर येऊ देऊ.

प्रामाणिकपणाची कसोटी आपण एरवी बोलणाऱ्याच्या धैर्यावर लावतो. आम्हांला वाटते, ती ऐकणाऱ्यावर लावावी. जिथे सोलण्याच्या टेबलाशी उभी असलेली बाई तापमापकाइतक्याच निर्धास्तपणे खरे सांगू शकते, तो कारखाना जबाबदार होय. मग त्याच्या पाकिटावर तारे चार असोत, एक असो, की एकही नसो.