मांजराचा उपवास

भाकरी पळवून नेणाऱ्या कुत्र्याच्या मागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाहीत? कोरडी भाकरी त्या जिवाच्या घशाखाली कशी उतरेल, एवढीच त्यांची चिंता. परंपरा नामदेवांचे जन्मस्थान म्हणून ज्या नरसीचे नाव सांगते, ते गाव आज हिंगोली जिल्ह्यात येते. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळ्या झालेल्या याच जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे त्यांना विसोबा खेचर हे गुरू भेटले, असेही मानतात. मुक्या प्राण्याच्या घासाची काळजी मराठी मनाला ज्या कथेने शिकविली, तिचा नायक या मातीतला आहे. तेव्हा या मातीचेच स्मरण ठेवून एक प्रश्न विचारावासा वाटतो. समोर कुत्र्याऐवजी आई गमावलेले मांजराचे पिल्लू असेल आणि घरात मांसाला स्थान नसेल, तर वाटीत काय घालावे?

प्रश्न वरकरणी क्षुल्लक आहे. पण ज्या घरात धान्य आहे त्या घरात मांजर आहे, आणि हिंगोली-वसमतच्या पट्ट्यात हळदीबरोबर ज्वारी, तूर, सोयाबीनही साठवले जाते. मांजर माणसाच्या घरी आले ते लाडासाठी नव्हे, धान्याच्या मागे उंदीर आले आणि उंदरांच्या मागे मांजर. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाच्या शेजारीच मांजर पुरलेले सापडले आहे. इतकी ही सोबत जुनी. मोठे मांजर आपले जेवण स्वतः मिळवते. ते काय खाते हे माळकरी घरही पाहत नाही, आणि न पाहण्यातच दोघांची सोय असते. अडचण उभी राहते ती पिल्लापाशी. त्याला शिकार येत नाही. ते ओरडते, आणि घरातील माउली बशीत दूध ओतून त्यात पोळी कुस्करते.

यात वात्सल्य आहे, शंकाच नाही. दूध हा आपल्याकडे केवळ आहार नव्हे. ते मातृत्वाचे, शुद्धतेचे, पाहुणचाराचे प्रतीक आहे. परंतु मांजराच्या आतड्याला प्रतीके कळत नाहीत. आईचे दूध तुटू लागले की दुधातील साखर पचविणारे द्रव्य पिल्लाच्या पोटात कमी होत जाते, आणि गाईम्हशीच्या दुधाने त्याला हगवण लागते. शिवाय मांजरीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक प्रथिने असतात. चार आठवड्यांच्या आतले, डोळे नुकते उघडलेले पिल्लू असेल तर त्याला पिल्लांसाठीच तयार केलेली दुधाची भुकटी हवी आणि ऊब हवी. चार ते आठ आठवड्यांच्या दरम्यान ते मऊ अन्नाकडे वळते. त्यानंतर त्याला जे लागते ते पोळीत नाही.

येथे निसर्गाने माणसाच्या इच्छेला जागाच ठेवलेली नाही. कुत्रा मिश्राहारावर निभावतो; नामदेवांच्या कथेतील कुत्र्याला भाकरी चालली, तूपही चालले. मांजर निखळ मांसाहारी आहे. गाजरातील पिवळ्या द्रव्यापासून अ जीवनसत्त्व बनविणे त्याला जमत नाही. टॉरिन नावाचे एक द्रव्य आपले शरीर स्वतः घडविते, मांजराचे शरीर पुरेसे घडवू शकत नाही. ते मांसातूनच यावे लागते. १९७५ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले, की केसीन या दुधातल्याच प्रथिनावर ठेवलेल्या मांजरांच्या डोळ्यांचा पडदा टॉरिनच्या अभावी झिजतो. १९८७ साली तेथेच आढळले, की याच उणिवेने मांजराचे हृदय फुगून दुबळे होते. आणि त्या मांजरांपैकी कित्येक तर बाजारातले तयार खाद्य खाणारी होती. त्यानंतर ती खाद्ये सुधारली. मांजराला गोड चवच कळत नाही, हेही २००५ साली जनुकांवरून स्पष्ट झाले. आपण कौतुकाने बोटावर चाटविलेल्या श्रीखंडाची गोडी आपल्यापाशीच राहते.

आता आपल्या, म्हणजे ख्रिस्ती घरांच्या स्वयंपाकघरात येऊ. मांसाचे आपल्याला वावडे नाही, तेव्हा हा प्रश्न शेजाऱ्याचा, असे म्हणून सुटता येईल काय? राखेच्या बुधवारी आणि उत्तम शुक्रवारी आपल्याही चुलीवर मांस नसते. काही घरांत तर संपूर्ण प्रायश्चित्तकाळ ते वर्ज्य असते. अशा वेळी पिल्लाच्या बशीत वरणभात पडतो आणि कोणीतरी हसून म्हणते, आमचे मांजरही उपवास करते. विनोद म्हणून हे ठीक. विचार म्हणून ते टिकत नाही. १९८३ च्या धर्मविधिसंहितेत मांसत्यागाचा नियम चौदा वर्षे पूर्ण झालेल्यांना लागू होतो, आणि उपवासाचा अठरा पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत. आपल्या लेकरांना आणि वृद्धांनाही चर्च ज्या ओझ्यातून मोकळे ठेवते, ते पिल्लाच्या पाठीवर ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? उपवासात प्राण असतो तो स्वतःच्या इच्छेने ‘नको’ म्हणण्यात. ज्याला ‘नको’ म्हणताच येत नाही, त्याची ती केवळ उपासमार. हेच माळकरी शेजाऱ्याच्या व्रतालाही लागू पडते, आणि मला वाटते, तो ते मान्य करील.

तरीही त्याची अडचण आपल्याहून खोल आहे, हे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. एका जिवाला जगविण्यासाठी दुसरा जीव विकत आणावयाचा, यात त्याला हिंसा दिसते, आणि ती खरोखर आहे. टॉरिन आता कारखान्यातही तयार होते, त्यामुळे मांसाविना मांजर पोसण्याचे प्रयत्न चालू आहेत. पण अशा प्रयोगासाठी वाढीच्या वयातील पिल्लू निवडू नये. ज्याच्या मनाला मांस आणणे सोसवत नाही, त्याने पिल्लू सोसवणाऱ्या घरी द्यावे. यात त्याचेही व्रत राहते आणि पिल्लाचेही डोळे राहतात. पिल्लू ठेवून घेऊन त्याला दूधपोळीवर वाढविणे हा मधला मार्ग सोज्ज्वळ दिसतो, पण त्याची किंमत पिल्लू मोजते.

उलट टोकाची चूकही होते. मांस चांगले म्हणून निव्वळ मांसच दिले, तर कॅल्शियमच्या अभावी पिल्लाची हाडे ठिसूळ होतात. उंदीर खाणारे मांजर हाडांसकट खाते, हे आपण विसरतो. रोज काळीजच दिले तर अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होतो. कांदा-लसणाचा रस्सा त्याच्या रक्तपेशींना घातक. म्हणून ज्याला परवडते त्याने वाढत्या पिल्लांसाठी संपूर्ण आहार असे स्पष्ट लिहिलेले तयार खाद्य आणावे, हे सर्वांत निर्धोक.

आणि ज्याला परवडत नाही? जेथे शेजारच्या लेकराच्या ताटात आठवड्याला एक अंडे पडत नाही, तेथे मांजरासाठी पाकिटे आणणे कितपत शोभते? १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण-ग्रंथाने या दोन्ही बाजू एकाच परिच्छेदात मांडल्या आहेत: प्राण्यांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेविरुद्ध आहे, आणि माणसांच्या दैन्यनिवारणासाठी आधी लागणारा पैसा प्राण्यांवर उधळणे हेही अयोग्य आहे. अंडे एकच असेल, तर ते लेकराचे. याविषयी दुमत नसावे. परंतु बहुतेक घरांत हिशेब इतका अटीतटीचा नसतो. लेकराचे नाव पुढे करून आपण बहुधा आपलाच आळस झाकतो. चिकनच्या दुकानात पोटा-कलेजी मांसापेक्षा स्वस्त मिळते, आणि कोंबडीच्या हृदयात टॉरिन भरपूर असते. मीठमसाल्याविना ते उकडावे, बारीक करावे आणि उकडल्याचे पाणीही त्यातच घालावे, कारण टॉरिन त्या पाण्यात उतरते. शिजवलेले हाड देऊ नये, त्याच्या कपच्या होतात. सिद्धेश्वर किंवा इसापूर धरणातली मासळी मिळाली तर तीही काटे काढून, शिजवूनच द्यावी. कॅल्शियमची पूड किती घालावी हे तालुक्याच्या पशुवैद्यकास विचारावे. पिल्लाचे पोट लिंबाएवढे असते, म्हणून दिवसातून चार वेळा, थोडे थोडे. उत्तम शुक्रवारीही चार वेळा. त्या दिवशी चिकनचे दुकान बंद असण्याचा संभव असतो, तेव्हा आणावयाचे ते गुरुवारीच आणून ठेवावे.