धवल्यांची प्रत

बॅकअप फेल झाला की माणूस आधी जागा बघतो. मीही तेच केलं. बाहेरची हार्ड डिस्क एक टेराबाइटची, निम्म्याहून जास्त रिकामी, आणि स्क्रीनवर संदेश की शॅडो कॉपीसाठी पुरेशी जागा नाही. मी बाहेरच्या डिस्कवरचे दुबार फोटो उडवले, रीसायकल बिन रिकामा केला, सी ड्राइव्हवरचं नको ते सॉफ्टवेअर काढून टाकलं. पुन्हा बॅकअप लावला. पुन्हा तोच संदेश.

अख्ख्या सिस्टीम ड्राइव्हचा बॅकअप घेताना विंडोज नुसता सी ड्राइव्ह उचलत नाही. मशीन सुरू होण्यासाठी लागणारं बूटचं पार्टिशन आणि अडचणीच्या वेळेसाठी राखलेलं रिकव्हरी पार्टिशन, हे दोन छोटे भागही ते सोबत घेतं. त्यांना ड्राइव्हचं अक्षर दिलेलं नसतं, त्यामुळे रोजच्या खिडकीत ते दिसतच नाहीत. डिस्क मॅनेजमेंट उघडलं की नजरेस पडतात. चालू मशिनवरच्या फायली सारख्या बदलत असतात. त्या एका क्षणी होत्या तशा धरून ठेवणं म्हणजे शॅडो कॉपी, आणि त्यासाठी प्रत्येक भागात थोडी मोकळी जागा लागते. ५०० एमबीपेक्षा लहान भागात निदान ५० एमबी, त्याहून मोठ्यात ३२० एमबी. माझ्या मशिनचं रिकव्हरी पार्टिशन वर्षानुवर्षांच्या अपडेटनी काठोकाठ भरलं होतं. जागा कमी होती ती तिथे. संदेश पहिल्यापासून खरं सांगत होता आणि मी भलत्याच डिस्कवर झाडलोट करत बसले होते.

सी ड्राइव्ह थोडा आकसवून रिकव्हरीचा भाग वाढवला. पार्टिशन हलवत असताना लाइट गेली तर सगळंच हातचं जाऊ शकतं आणि पावसाळ्यात पनवेलच्या लाइटचा भरवसा धरू नये. म्हणून आधी यूपीएसची बॅटरी तपासून घेतली. बॅकअप सुरू झाला, हिरवी पट्टी पुढे सरकू लागली, निम्म्यावर आली आणि थांबली. आता संदेश वेगळा होता: डिस्कवरचा काही भाग वाचता येत नाही.

हार्ड डिस्कची तब्येत दाखवणारं एक छोटं फुकट सॉफ्टवेअर मिळतं. ते चालवल्यावर 'पेंडिंग सेक्टर'च्या ओळीसमोर शून्याऐवजी आकडा दिसला. म्हणजे डिस्कच्या काही कप्प्यांतलं लिखाण वाचायचा प्रयत्न डिस्क करते आहे आणि तिला ते जमत नाही. अशा वेळी जो तो विंडोजचं चेकडिस्क हे दुरुस्तीचं साधन चालवायला सांगतो. मी मात्र एव्हाना एवढं शिकले होते की खराब कप्पे शोधायला लावलेलं चेकडिस्क अख्खी डिस्क इंच न् इंच तपासतं, त्याला तासच्या तास लागतात आणि थकलेल्या डिस्कला तेवढी मेहनत सोसेलच असं नाही. आधी फायली बाहेर काढायच्या, डिस्कची दुरुस्ती मागाहून. हे मला ठाऊक होतं. तरीही माझा हात चेकडिस्ककडेच जात होता. बॅकअप पूर्ण व्हावा, हिरवी खूण दिसावी, एवढीच ओढ लागली होती. तिथे मी थांबले आणि स्वतःला विचारलं की मला वाचवायचं काय आहे? डिस्कवरचं सामान, की 'माझ्याकडे बॅकअप आहे' हे समाधान?

ते सामान काय आहे हे सांगितल्याशिवाय या प्रश्नाचं वजन कळणार नाही.

पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या आगरी लग्नांत धवलारीण धवले गाते. मांडवापासून हळदीपर्यंतचे विधी तिच्या गाण्यावर चालतात, आणि कित्येक घरांत भटजीच्या जागी तिनेच लग्नं लावलेली आहेत. तिच्याकडे पोथी नसते. सासूकडून, मावशीकडून, मांडवात मागे बसून साथ देता देता गाणी तोंडपाठ झालेली असतात. नवी मुंबई विमानतळासाठी जी दहा गावं उठली, त्यांत उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वाघिवली ही नावं येतात. ही गावं जागेवर होती तेव्हा त्यांतल्या काही घरांच्या ओट्यावर बसून मी धवले टेप केले. पुढे त्या कॅसेट कॉम्प्युटरवर चढवल्या. उलव्याची टेकडी कापली गेली, माणसं करंजाडे, वडघर, वहाळकडे राहायला गेली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचं उद्घाटन झालं. ज्या ओट्यांवर मी बसले होते, तिथे आता जमीनही पूर्वीच्या उंचीची नाही.

गाण्यांचे शब्द मी त्या काळी युनिकोडच्या आधीच्या फॉण्टात टाइप केले. श्रीलिपीसारख्या डीटीपीच्या जुन्या फॉण्टांत मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असे. फॉण्ट असेल तर पानावर धवला दिसतो, नसेल तर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग. माझ्याकडच्या त्या जुन्या सॉफ्टवेअरची सीडी कधीच खराब झाली आहे. फॉण्ट उरले ते फक्त विंडोजच्या फोल्डरमध्ये, सी ड्राइव्हवर. फायली कॉपी केल्या तरी वाचणारं मशीन गेलं की त्या मुक्या. अख्ख्या सिस्टीम ड्राइव्हच्या प्रतीसाठी मी इतकी हटून बसले ती यासाठी, आणि हे कारण खरंच आहे. पण यातही एक गोष्ट माझ्या मनाला टोचते. शब्द युनिकोडमध्ये आणायला कन्व्हर्टर मिळतात. एकेक पान तपासून जोडाक्षरं, रफार आणि वेलांट्या दुरुस्त कराव्या लागतात. काम कंटाळवाणं आहे, अवघड नाही. ते केलं असतं तर हे शब्द कुणाच्याही फोनवर उघडले असते. मशीन जसंच्या तसं गोठवून ठेवणं मला सोयीचं वाटलं, कारण त्यात माझ्या टेबलाबाहेर काही जात नव्हतं.

चुलीपाशी बसून गाणाऱ्या एका आजीला मी विचारलं होतं, "हे तुमच्या सुनांनी लिहून नाही का ठेवलं?" ती म्हणाली, "तुझ्याजवल हाय ना, मंग झाला." तेव्हा मला त्यात विश्वास ऐकू आला. आज तेच वाक्य हिशेब मागतं. माझ्याजवळ आहे, हे खरं. माझ्याजवळच आहे, हेही खरं. आणि ते माझ्याजवळच राहावं असं मला आतून वाटत आलं आहे का? प्रामाणिकपणे सांगायचं तर हो, वाटत आलं आहे. कुणी अभ्यासक आला की 'धवल्यांचं काही मिळेल का' म्हणून माझ्याकडे पाठवतात. त्या फोनची वाट मी बघते. ज्यांच्या आजीचा आवाज आहे त्या घराला आवाज ऐकायचा तर आधी मला फोन करावा लागतो, ही व्यवस्था मी कधी ठरवली नाही, पण मोडलीही नाही.

सगळं एकाच जागी अडकून राहण्यात काय धोका असतो, हे दाखवणारी पनवेलच्या शेजारीच घडलेली एक गोष्ट आठवते. २७ जून २०१७ रोजी न्हावाशेवा बंदरातलं गेटवे टर्मिनल ठप्प झालं. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटलेला नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्राम मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या यंत्रणेत शिरला होता, आणि हे टर्मिनल त्याच समूहाचं. कंटेनरचं काम हाताने करायची पाळी आली. पुढे जानेवारी २०१८ मध्ये दावोसला कंपनीच्या अध्यक्षांनी सांगितलं की ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले, आणि तेही दहा दिवसांत. 'वायर्ड' मासिकात अँडी ग्रीनबर्ग यांनी या प्रकरणावर सविस्तर लिहिलं. त्यातला एक तपशील माझ्या डोक्यातून जात नाही. कोण कुठे शिरू शकतो याची नोंद ठेवणारे कंपनीचे सुमारे १५० सर्व्हर एकमेकांशी सतत जुळवून घेत होते. एक गेला तर दुसरा आहे, हाच त्यांचा बॅकअप. सगळे एकदमच पुसले जातील, हा विचार कुणी केला नव्हता. वाचला तो घानामधला एक. हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती, म्हणून तो नेटवर्कपासून तुटलेला होता.

एवढ्या मोठ्या कंपनीला ज्या नोंदीवाचून उभं राहता येत नव्हतं, ती अंधारात पडलेल्या एका दूरच्या मशिनवर सापडली. माझ्या घरात मशीन खोलीत, बाहेरची डिस्क त्याच खोलीतल्या कपाटात. मी त्याला दोन प्रती म्हणत होते. २६ जुलै २००५ ला गाढी नदीचं पाणी गावात शिरलं ते मी पाहिलं आहे. पाणी टेबल आणि कपाट यांत भेद करत नाही. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम तीन प्रती, दोन प्रकारची साधनं, एक प्रत घराबाहेर असा आहे. तो मी इतरांना कितीदा सांगितला आहे. यातली घराबाहेरची प्रत मी ठेवली नव्हती, आणि ती ठेवायची हक्काची जागा माझ्यापासून काही किलोमीटरवर, करंजाड्यात आणि वहाळला होती. तीही एक नव्हे, जितकी गाणारी घरं तितक्या जागा.

मग चेकडिस्क बाजूला ठेवलं. फायली नव्या डिस्कवर उतरवायला घेतल्या, सर्वांत जुनी रेकॉर्डिंगं आधी. प्रत्येक फाइल उतरली की मूळ आणि प्रत यांचा हॅश, म्हणजे फायलीतल्या मजकुरावरून निघणारी अक्षरांची ओळ, काढून ताडून पाहिला. फायलीत एका अक्षराचा फरक असता तरी हॅश पूर्ण बदलला असता, तरीही मी तो शेवटच्या अक्षरापर्यंत डोळ्यांनी जुळवत बसले. काही फायलींपाशी डिस्क अडखळली, थांबली, पुन्हा वाचू लागली. हे चालू असताना उतरलेली गाणी लावून ऐकतही होते. एका फितीत मध्येच कोंबडं आरवतं, कुणीतरी पोराला हाकलतं, आणि धवलारीण एक क्षणही न चुकता पुढची ओळ उचलते. इतकी वर्षं मी ही गाणी फायलींच्या यादीत पाहत होते. ती ऐकायला बसले नव्हते.

सिस्टीमची पूर्ण प्रतही अखेर निघाली, नव्या डिस्कवर. यावेळी हिरव्या खुणेवर थांबले नाही. रेस्क्यू पेनड्राइव्ह बनवला, दुसरी डिस्क लावली. विंडोजच्या या बॅकअपसाठी तीही मूळ डिस्कएवढी किंवा मोठीच हवी, लहान असली तर प्रत उतरत नाही. मग त्या प्रतीवरून मशीन उभं राहतं का ते पाहिलं. राहिलं. जुना फॉण्ट उघडला, धवल्याचं पान दिसलं. ज्याला हे करून पाहायचं असेल त्याला माझा एवढाच आग्रह राहील की जोवर प्रत उतरवून बघितली नाही, तोवर तिला बॅकअप म्हणू नये.

आता राहतं ते मशीनच्या बाहेरचं काम. प्रत्येक घराच्या वाटणीची रेकॉर्डिंगं वेगळी करून पेनड्राइव्हवर आणि फोनवर द्यायची आहेत, सोबत युनिकोडमधले शब्द. पेनड्राइव्हच्या चिठ्ठीवर नाव गाणारीचं असेल, संकलक म्हणून माझं नाव घालायची गरज मला आता वाटत नाही. यात एक पेच आहे आणि तो सोडवण्याचा अधिकार माझा नाही. काही गाणी लग्नातल्या थट्टेची आहेत, व्याह्यांची नावं घेऊन केलेली. ती मांडवात शोभतात. फोनवरून गावभर फिरली तर कुणाला बोचतील. ज्यांनी गायली त्यांतल्या काहीजणी आज नाहीत. मी सगळं सगळ्यांना वाटून मोकळी झाले, तर तोही माझाच सोयीस्कर सुटकेचा मार्ग होईल. म्हणून आधी वहाळला जायचं, त्या बायांच्या मागे बसून साथ देणाऱ्या ज्या दोघीतिघी हयात आहेत त्यांना ती गाणी ऐकवायची, आणि कोणतं कुठे जावं, कोणतं घरातच राहावं हे त्यांना ठरवू द्यायचं. थट्टेच्या गाण्यांच्या फायली तोवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या आहेत. ज्या घरांच्या रेकॉर्डिंगमध्ये असं काही नाही, त्यांचे पेनड्राइव्ह या आठवड्यात भरायला घेते.