सोसणं कुणाला सांगावं?

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय २, श्लोक १४



आजच्या श्लोकात भगवंत अर्जुनाला सांगतात की इंद्रियांचा विषयांशी संबंध आला की थंडी-ऊन, सुख-दुःख होणारच. ती येतात आणि जातात, तू ती सहन कर. या सहन करण्यालाच तितिक्षा म्हणतात. शेगावला इंजिनिअरिंग करत होतो तेव्हापासून हा श्लोक मला पाठ आहे. पण मी त्याचा चुकीचा वापर केला, आणि तोही आईवर. आज तेच लिहितोय.

गेल्या वर्षी आईच्या उजव्या गुडघ्याचं सांधा बदलायचं ऑपरेशन झालं. मी महिनाभर वर्क फ्रॉम होम घेऊन खामगावला राहिलो. ऑपरेशन नीट झालं. खरी परीक्षा घरी आल्यावर सुरू झाली. नवा सांधा बसवला म्हणजे काम संपत नाही. सुरुवातीच्या काही आठवड्यांत गुडघा रोज वाकवला नाही, तर आत जखम भरताना तयार होणाऱ्या ऊतींमुळे तो आखडतो. सपाट रस्त्यावर चालायला साधारण साठ-पासष्ट अंश पुरतात, पण खुर्चीतून उठायला आणि जिना चढायला नव्वदच्या आसपास लागतात. हे अंश कमवायचे म्हणजे दुखणारच.

आई गोळ्या घ्यायला तयार नव्हती. "मले नाई लागत गोळी. भोग हाये, भोगूनच सराचा." मला तर अभिमानच वाटला. मित्रांना फोनवर सांगितलं, आई एक पेनकिलर घेत नाही! एका रात्री ती कण्हत होती. माझा कॉल सुरू होता. मी म्यूट करून आत गेलो आणि हाच श्लोक म्हणून दाखवला. "येतं आणि जातं आई, थोडं सहन कर." ती गप्प झाली. मला वाटलं, श्लोक लागू पडला.

दहाव्या दिवशी फिजिओथेरपिस्ट ताई आल्या. गुडघा साठच्या पुढे जाईना. त्यांनी विचारलं, "व्यायाम करतात का?" आई खाली बघायला लागली. मग कळलं, मी मीटिंगमध्ये असलो की ती नुसती पडून राहायची. देवघरामागच्या डब्यात गोळ्यांची अख्खी पट्टी निघाली. ताई म्हणाल्या, "काकू दुखणं सहन करत नाहीयेत, टाळतायत. पाय हलवलाच नाही तर दुखतही नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "गोळी दुखणं संपवायला नाही दिलेली, व्यायाम करता यावा म्हणून दिलीये."

हे वाक्य डोक्यात घेऊन मी रात्री पुन्हा गीता उघडली. अठराव्या अध्यायात भगवंत म्हणतात की शरीराला त्रास होईल या भीतीने कर्तव्य कर्म सोडणं हा राजस त्याग आहे, त्याचं फळ मिळत नाही. आणि सतराव्या अध्यायात म्हणतात की जे हट्टाने शरीराला पिडतात, ते शरीरात राहणाऱ्या मलाही पिडतात, आणि अशा तपाला ते चांगलं म्हणत नाहीत. म्हणजे व्यायाम टाळणं चूक, आणि औषध हाताशी असताना उगाच कळा काढणंही चूक. तितिक्षेची जागा या दोन्हींच्या मधली आहे. उपाय करूनही जे दुखणं उरतं, ते कुरकुर न करता सोसायचं आणि काम करत राहायचं.

आणखी एक गोष्ट तेव्हा दिसली. "सहन कर" असं सांगणारे भगवंत कुठे बसलेत? अर्जुनाच्याच रथावर, घोड्यांचे लगाम हातात घेऊन. बाण येणार ते दोघांवरही. आणि मी? हेडफोन गळ्यात अडकवून दारात उभा होतो.

दासगणूंच्या 'गजानन विजय' ग्रंथातला प्रसंग तुम्हाला माहीत असेल. बंकटलाल महाराजांना मक्याची कणसं खायला मळ्यात घेऊन गेले. कणसं भाजायच्या धुराने झाडावरच्या मधमाश्या उठल्या. लोक पळाले. महाराज जागचे हलले नाहीत आणि माश्यांनी त्यांचं अंग फोडून काढलं. महाराजांनी ते सहज सोसलं. पण बंकटलाल "महाराज संत आहेत, त्यांना काय होतंय" असं म्हणून बसले नाहीत. काटे काढायला त्यांनी चिमटे घेऊन सोनार बोलावले. पुढे महाराजांनी श्वास रोखला आणि काटे आपोआप वर आले, ही त्यांची लीला. ती आपल्या हातात नाही. सोनार बोलावणं मात्र आपल्या हातात आहे. सोसणं ही ज्याच्या अंगात काटे आहेत त्याची साधना, आणि आपली साधना चिमटा आणण्याची. मी ह्या दोन्हींची अदलाबदल केली होती.

दुसऱ्या दिवसापासून आमचा दिनक्रम बदलला. डॉक्टरांनी दिलेली गोळी त्यांनी सांगितलेल्याच प्रमाणात, व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी. उशी टाचेखाली, गुडघ्याखाली नाही. गुडघ्याखाली मऊ वाटतं, पण पाय सरळ व्हायचा राहतो. नंतर कपड्यात गुंडाळून बर्फ. पाय वाकवून धरताना आकडे मोजण्याऐवजी महाराजांचा जप, तोही मी शेजारी जमिनीवर बसून. दुखायचंच. डोळ्यांत पाणी यायचं. पण आता ते दुखणं रोज काहीतरी देऊन जायचं, कधी दोन अंश, कधी तीन. महिना संपला तेव्हा गुडघा नव्वदच्या पुढे गेला होता.

हेही सांगायला हवं की प्रत्येक दुखणं सोसायचं नसतं. पोटरी अचानक सुजली, ताप आला, जखमेतून पाणी यायला लागलं, तर ती तितिक्षेची वेळ नाही, डॉक्टरांना फोन करायची आहे. आणि त्यांना न विचारता महिनोन्महिने गोळ्या घेत राहणंही बरं नाही, मूत्रपिंड आणि पोट त्याची किंमत मोजतात.

परवा मी आईची माफी मागितली. ती हसली. "तू सांगत होता ते खरंच होतं रे. फक्त दारातून सांगत होता."

आजचा विचार : आज घरात कुणी दुखतंय म्हणालं, तर श्लोक नंतर म्हणा. आधी जवळ जाऊन बसा आणि विचारा, काय आणू?

जय गजानन.