खाणपट्ट्यातील मुलांचा संघ कोणाचा?

लहान गावातील मुलांच्या संघाचा इतिहास सहसा लिहिला जात नाही. त्याच्या नावावर विजेतेपदे थोडी असतात आणि त्यात खेळलेली मुले विशीत पोहोचताच मोठ्या क्लबकडे, नोकरीकडे किंवा परदेशाकडे वळतात. तरीही गावाची कमाई कशावर चालते, निर्णय कोण घेतो आणि पुढच्या पिढीसाठी गाव काय राखून ठेवते, या तीन प्रश्नांची उत्तरे अशा संघाच्या जमाखर्चात जितकी स्वच्छ मिळतात तितकी ती सरकारी अहवालांतही क्वचितच मिळतात. गोव्याच्या डिचोली तालुक्यातील साखळी येथे, लोहखनिज काढणाऱ्या सेसा गोवा कंपनीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस मुलांसाठी सुरू केलेली फुटबॉल अकादमी हे याचे महत्त्वाचे उदाहरण आहे. खाणीच्या पैशातून गुणी खेळाडू घडू शकतात हे या अकादमीने निर्विवाद दाखवून दिले. परंतु खाण थांबली किंवा तिचा मालक बदलला, तर मुलांचा संघ कोणाच्या आधाराने उभा राहणार, या प्रश्नाला खाणपट्ट्याने अद्याप उत्तर दिलेले नाही.

या प्रश्नाचे एक उत्तर दूरच्या कॅनडात सापडते. तेथील लहान शहरांत बर्फावरील हॉकीचे 'ज्युनियर' संघ, म्हणजे साधारणपणे सोळा ते वीस वर्षे वयाच्या मुलांचे संघ, हे नगरजीवनाचे केंद्र असतात. बाहेरगावाहून आलेला खेळाडू मोसमभर एखाद्या स्थानिक कुटुंबात राहतो, तेथूनच शाळेत जातो आणि संध्याकाळी सरावाला येतो. मॅनिटोबा आणि सस्कॅचवान या प्रांतांच्या सीमेवरील फ्लिन फ्लॉन हे शहर तांबे आणि जस्ताच्या खाणीमुळे वसले. १९२७ साली तेथे खाण कंपनी स्थापन झाली आणि त्याच वर्षी 'बॉम्बर्स' या संघाचाही आरंभ झाला. या संघाने १९५७ मध्ये कॅनडातील ज्युनियर हॉकीचा सर्वोच्च मान असलेला मेमोरियल कप जिंकला. पुढे जगभर नावाजलेला बॉबी क्लार्क याच गावात जन्मला आणि याच संघातून पुढे गेला. २०१० मध्ये शहरातील धातुशुद्धीचा कारखाना बंद झाला, २०२२ मध्ये तेथील मोठी खाणही बंद पडली, परंतु बॉम्बर्स संघ खेळत राहिला. खाणीने त्याला अनेक दशके हात दिला हे खरे असले, तरी संघ नगरवासीयांच्या मालकीचा होता, आणि म्हणूनच खाणीचे आयुष्य संपले तेव्हा संघाचे आयुष्य संपले नाही.

गोव्यात फुटबॉल आले ते खाणींच्या कितीतरी आधी. १८८३ मध्ये विल्यम रॉबर्ट लायन्स या ब्रिटिश धर्मगुरूंनी बार्देशातील शिवोली येथे हा खेळ रुजवला, असे गोव्याच्या क्रीडा इतिहासात नोंदलेले आहे. शिवोलीपासून शापोरा नदी ओलांडली की पेडणे तालुका लागतो. तरीही नदीच्या अलीकडे खेळाने जेवढे मूळ धरले तेवढे ते पलीकडे धरू शकले नाही. याचे कारण अंतरात नव्हते, सामाजिक रचनेत होते. तिसवाडी, बार्देस आणि सासष्टी हे तालुके सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज सत्तेखाली असल्याने 'जुन्या काबिजादी' म्हणून ओळखले जातात, तर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जिंकलेले डिचोली, सत्तरी, आणि १७८८ मध्ये सावंतवाडीकरांकडून मिळालेले पेडणे, यांची गणना 'नव्या काबिजादीं'त होते. जुन्या काबिजादींत चर्चची शाळा, चर्चसमोरचे पटांगण आणि भातकापणीनंतर मोकळी होणारी शेते यांनी मिळून खेळाची एक अनौपचारिक व्यवस्था उभी केली, जिच्यात सात-आठ वर्षांच्या मुलालाही आपोआप जागा मिळे. नव्या काबिजादींतील सार्वजनिक जीवन देवस्थान, जात्रा, भजन, नाटक आणि दशावतार यांच्याभोवती फिरत होते. तेथे मुलांना टाळ धरायला आणि रंगमंचावर उभे राहायला शिकवणारी माणसे होती, पण चेंडू शिकवणारी व्यवस्था नव्हती.

ही उणीव काही अंशी भरून काढली ती खनिजाने. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर डिचोलीच्या डोंगरांतील लोहखनिज मांडवी नदीतून बार्जने मुरगाव बंदरात आणि तेथून परदेशी जाऊ लागले, आणि खाणमालकांच्या घराण्यांनी फुटबॉल क्लबना आश्रय देण्याची प्रथा पाडली. साळगावकर घराण्याचा क्लब १९५६ मध्ये सुरू झाला. धेंपे उद्योगसमूहाने १९६० च्या दशकात डिचोलीतील एक स्थानिक क्लब आपल्याकडे घेतला आणि त्यातून देशात गाजलेला धेंपो स्पोर्ट्स क्लब उभा राहिला. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर हे मूळचे पेडण्याचे, स्वतः खाणमालक आणि खेळाचे चाहते. त्यांच्या नावाची सुवर्णचषक स्पर्धा १९७० मध्ये सुरू झाली. या आश्रयाचे फळ मोठे होते. देशातील तेव्हाची सर्वोच्च फुटबॉल स्पर्धा असलेली आय-लीग २००७-०८ मध्ये सुरू झाली आणि २०१२-१३ पर्यंतची तिची सहाही विजेतेपदे गोव्याच्या क्लबनी पटकावली. त्यांतील तीन धेंपोची, दोन चर्चिल ब्रदर्सची आणि एक साळगावकरांचे होते.

मात्र या वैभवाचा भूगोल पाहिला तर एक विसंगती लक्षात येते. खनिज डिचोलीतून निघत होते, धेंपोचे मूळ डिचोलीतले होते, परंतु क्लबचा कारभार पणजीत आला आणि मोठे सामने मडगावजवळच्या फातोर्डा मैदानावर किंवा म्हापशाच्या धुळेर मैदानावर होऊ लागले. ट्रकांची धूळ आणि पावसाळ्यात शेतात उतरणारा खाणीचा गाळ शिरगाव, मुळगाव, लामगाव, पिळगाव या गावांच्या वाट्याला आला. विजयाचा आनंद सर्व गोव्याचा झाला, पण त्या गावांतल्या बारा वर्षांच्या मुलाला नियमित सराव देणारी जागा मात्र गावात झाली नाही.

या पार्श्वभूमीवर सेसाच्या अकादमीचे वेगळेपण कळते. प्रौढ खेळाडू विकत घेऊन चषक जिंकणाऱ्या क्लबपेक्षा तिची कल्पना निराळी होती: किशोरवयीन मुलांची चाचणी घेऊन निवड करायची, त्यांना निवासी प्रशिक्षण द्यायचे आणि खेळाबरोबर त्यांचे शालेय शिक्षणही चालू ठेवायचे. टाटा समूहाने १९८७ मध्ये जमशेदपूरला सुरू केलेल्या अकादमीने औद्योगिक भांडवलातून मुलांचे फुटबॉल घडवण्याची वाट देशात आधीच घालून दिली होती. सेसाने ती गोव्याच्या खाणपट्ट्यात आणली. साखळीची जुनी खाण संपल्यावर कंपनीने तेथे वृक्षलागवड केली, खड्ड्यांतील पाण्यात मत्स्यपालनाचे प्रयोग केले आणि त्या परिसराला शिक्षण व खेळाची जोड दिली. पुढे शेजारच्या बार्देस तालुक्यातील शिरसई येथेही अकादमीचे काम चालू लागले आणि तिचा तरुण संघ राज्याच्या वरिष्ठ लीगमध्ये जुन्या क्लबांशी सामने खेळू लागला. आदिल खान हा तेथे घडलेला खेळाडू भारतीय संघात पोहोचला आणि २०१९ मध्ये कोलकात्याला विश्वचषक पात्रता फेरीच्या सामन्यात, अगदी शेवटच्या मिनिटांत, बांगलादेशाविरुद्ध बरोबरीचा गोल त्याने केला. खाणपट्ट्यात शिकलेला मुलगा राष्ट्रीय संघाची लाज राखतो, या घटनेचे मोल आकड्यांत मोजता येत नाही आणि त्याचे श्रेय अकादमीला मोकळेपणाने द्यावे लागते.

अडचण अकादमीच्या हेतूत नाही, तिच्या आधाराच्या स्वरूपात आहे. सेसा गोवा ही कंपनी १९५४ मध्ये इटालियन भांडवलावर उभी राहिली, १९९० च्या दशकात तिचे नियंत्रण जपानच्या मित्सुई समूहाकडे गेले आणि २००७ मध्ये वेदांत समूहाने ते विकत घेतले. धेंपे समूहाचा खाणव्यवसायही २००९ मध्ये सेसाकडे आला. प्रत्येक व्यवहारात खाणी, यंत्रे आणि बार्जेस यांच्याबरोबर खाणपट्ट्यातील सामाजिक कामांची सूत्रेही नव्या हातांत गेली, आणि त्यांत साखळीच्या पालकांना किंवा नगरपालिकेला विचारण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. त्यानंतर खुद्द खाणकामच दोनदा थांबले. बेकायदा उत्खननाच्या चौकशीनंतर २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवले. २०१४ मध्ये वार्षिक दोन कोटी टनांची मर्यादा घालून त्याला पुन्हा वाट दिली. परंतु फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणींच्या भाडेपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चच्या मध्यापासून खाणकाम परत बंद पडले. ट्रक, बार्ज, गॅरेज, खानावळ अशा एकमेकांवर टेकलेल्या व्यवसायांची कमाई आटली तेव्हा अकादमी टिकून राहिली, हे कंपनीच्या बाजूने सांगायला हवे. पण ती टिकली ती कंपनीने ठरवले म्हणून. तिला टिकवण्याचा अधिकार किंवा साधन गावाकडे नव्हते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की प्रशिक्षक, वसतिगृह, आहार आणि वैद्यकीय सोय यांचा खर्च कोणत्याही गावाला झेपणारा नाही, आणि गावाच्या समित्या गटबाजीत अडकतात. आक्षेपाचा पहिला भाग बरोबर आहे. परंतु खर्च देणारा आणि मालक हे एकच असले पाहिजेत असे कोठेही ठरलेले नाही. कंपनी कायदा २०१३ नुसार ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते आणि ग्रामीण खेळांचे प्रशिक्षण हे त्यांतील एक मान्य काम आहे. मात्र ही रक्कम नफ्यावर अवलंबून असते आणि तिचा विनियोग कंपनीचे संचालक मंडळ ठरवते. याहून वेगळे दोन स्रोत आज उपलब्ध आहेत. खनिजकर्म कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने निर्माण झालेले जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्वामित्वधनाच्या प्रमाणात खाणधारकांकडून निधी घेते आणि तो खाणबाधित लोकांसाठी खर्च करण्याचे त्याच्यावर बंधन आहे. दुसरा स्रोत म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या निकालात सांगितलेला गोवा लोहखनिज कायम निधी: खनिजाच्या विक्रीमूल्याच्या दहा टक्के रक्कम त्यात जमा व्हावी, कारण भूगर्भातील संपत्तीवर पुढच्या पिढ्यांचाही हक्क आहे, असे त्यामागचे तत्त्व आहे. हे तत्त्व गंभीरपणे घेतले, तर त्या निधीच्या व्याजावरचा पहिला हक्क खाणपट्ट्यातल्या मुलांच्या शिक्षणाचा, आरोग्याचा आणि खेळाचा ठरतो.

गटबाजीच्या आक्षेपाला उत्तर नव्या काबिजादींच्या स्वतःच्या अनुभवात आहे. डिचोली आणि पेडण्यातील गावे पिढ्यान्‌पिढ्या जात्रा, कालोत्सव आणि नाटके पार पाडत आली आहेत. वर्गणी, पाळी, हिशेब आणि मानपान यांची एक घट्ट शिस्त त्यामागे असते, आणि ती कोणत्याही कंपनीच्या देणगीवर उभी नाही. तंटे तेथेही होतात, परंतु उत्सव चुकत नाही. या परंपरेतून संघटनेचे कौशल्य घ्यावे, पण तिची बंधने घेऊ नयेत. देवस्थानातील मान वंशपरंपरेने आणि जातीने ठरतात, स्त्रियांना निर्णयात स्थान कमी असते. मुलांचा संघ मात्र प्रत्येक वाड्यातल्या मुलाला आणि मुलीला सारखाच खुला असला पाहिजे. तसा तो झाला, तर जी कामे जात्रेला जमत नाहीत त्यांतील काही खेळाला जमतील.

पेडण्याचा अनुभव याच विचाराला दुसऱ्या बाजूने पुष्टी देतो. या तालुक्यात खाणीच्या आश्रयाचा लाभ झाला नाही. तेथे विकासाची भाषा मोठ्या प्रकल्पांची राहिली. राष्ट्रीय स्पर्धांच्या निमित्ताने धारगळला क्रीडानगरी उभारण्याचा घाट घातला गेला, शेतजमिनींवरून शेतकऱ्यांनी विरोध केला आणि ती नगरी उभी राहिली नाही. आज धारगळची ओळख आयुर्वेद संस्थेने आणि मोपाची ओळख विमानतळाने होते. गोव्यात २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रीडास्पर्धा झाल्या त्या मुख्यतः इतरत्रच्या मैदानांवर. या तालुक्याला भव्य संकुलापेक्षा अधिक उपयोगी पडणारी गोष्ट साधी आहे: शाळेपासून चालत जाता येईल असे, पावसात पाणी निचरणारे, सार्वजनिक मालकीची नोंद असलेले मैदान आणि त्यावर वर्षभर पगारी प्रशिक्षक. अशी दहा मैदाने एका क्रीडानगरीपेक्षा कमी जमीन घेतात आणि अधिक मुलांपर्यंत पोहोचतात.

म्हणून मालकीचा अर्थ येथे नेमका करावा लागतो. मैदानाची जमीन सार्वजनिक नावावर असावी. संघाचा कारभार पालक, शिक्षक, माजी खेळाडू आणि पंचायत यांच्या निवडून आलेल्या समितीकडे असावा. कंपनीला त्यात सल्ल्याचे स्थान असावे, पण नकाराधिकार नसावा. आणि प्रशिक्षकाचे वेतन व मैदानाची देखभाल कायम निधीच्या किंवा खनिज प्रतिष्ठानाच्या निश्चित वार्षिक तरतुदीतून व्हावी. अकादमीसारख्या संस्थेने निवडक मुलांना वरच्या पातळीवर नेण्याचे काम करत राहावे, परंतु तिच्याखाली गावोगावच्या संघांचा पाया असावा, म्हणजे निवड न झालेल्या मुलाचा खेळ चाचणीच्या दिवशीच संपणार नाही.

ही व्यवस्था करण्याची वेळ आताच आहे. लिलावात वेदांतला मिळालेल्या डिचोलीच्या खाणपट्ट्यात २०२४ मध्ये काम सुरू झाले आणि खनिजाचा पैसा पुन्हा वाहू लागला. २०१२ आणि २०१८ या दोन वर्षांनी खाणपट्ट्याला शिकवले ते हे की खाण बंद पडते तेव्हा पैसा जातोच, पण त्याबरोबर गावाची अटी घालण्याची ताकदही जाते. खाण चालू असताना गावाने मुलांच्या संघाची मालकी मागितली, तर ती मिळू शकते. फ्लिन फ्लॉनच्या लोकांचा संघ खाणीनंतरही खेळतो आहे तो त्यांनी ती मालकी खाण भरात असतानाच आपल्याकडे ठेवली म्हणून. डिचोलीच्या पंचायतींनी, पालकांनी आणि शिक्षकांनी खाणधारकाशी बोलणी करताना रस्ता, पाणी आणि नोकऱ्या यांच्या बरोबरीने मुलांच्या मैदानाची आणि संघाची मागणी लेखी मांडली पाहिजे, कारण खनिज संपल्यानंतर गावात जे मनुष्यबळ उरणार आहे, ते आज त्याच मैदानाची वाट पाहत आहे.